परकायेतून परत येताना

खेळाच्या तासाआधी मुली कपडे बदलतातच की. मग झडतीसाठी अंतर्वस्त्रांवर उभं केलं तर त्यात एवढं काय? साधारण या अर्थाचा प्रश्न २१ एप्रिल २००९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात, सुनावणी चालू असताना, थेट न्यायासनावरूनच आला होता. प्रकरण ॲरिझोनातल्या सॅफर्ड इथल्या एका शाळेचं. एका विद्यार्थिनीकडे आयबुप्रोफेन या वेदनाशामकाच्या ४०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या आणि तशाच नॅप्रोक्सेनची एक गोळी सापडली. तिनं तेरा वर्षांच्या दुसऱ्या मुलीचं नाव घेतलं. या मुलीचं दप्तर तपासलं, काही निघालं नाही. मग तिला परिचारिकेच्या खोलीत नेलं, वरचे कपडे काढायला लावले, आणि अंगावर उरलेली अंतर्वस्त्रं ओढून झटकायला सांगितली. तरीही काही निघालं नाही.

त्या वेळी नऊ न्यायाधीशांत रूथ बेडर गिन्सबर्ग या एकट्याच स्त्री होत्या. निकाल यायच्या आधीच त्या एका मुलाखतीत म्हणाल्या, की आपले सहकारी कधी तेरा वर्षांची मुलगी नव्हते. २५ जूनला आठ विरुद्ध एक मतांनी झडती बेकायदा ठरली. निकालपत्र डेव्हिड सूटर यांनी, म्हणजे एका पुरुषानंच लिहिलं, आणि सुनावणीतल्या त्या प्रश्नाचं उत्तर त्यात जेमतेम ओळभराचं आहे. खेळासाठी कपडे बदलणं ही खेळाची तयारी असते. झडतीसाठी अंग उघडं करणं म्हणजे आपल्यावरच्या आरोपाला तोंड देणं असतं.

या ओळीत गहिवर नाही, मुलीबद्दल कळवळा नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन कृती आतून किती वेगळ्या आहेत, एवढंच ती दाखवते. आणि हा फरक ही निव्वळ वस्तुस्थिती आहे. जखम किती खोल होती हे जसं पुराव्यानं ठरतं, तितकीच. ज्याला तो फरक दिसला नाही, त्यानं भावनेवर विजय मिळवला असं नव्हे. त्यानं पुराव्याचा एक तुकडा वाचलाच नाही. त्याच निकालानं शाळेच्या कर्मचाऱ्यांना व्यक्तिशः नुकसानभरपाईतून मोकळं केलं, कारण त्या वेळी कायदा पुरेसा स्पष्ट नव्हता असं बहुमताला वाटलं. म्हणजे मुलीची बाजू पूर्ण समजली, तरी तिची प्रत्येक मागणी मान्य झाली नाही. एकाच निकालपत्रात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत, म्हणूनच मला तो या विषयाचा चांगला नमुना वाटतो.

‘समानुभूती’ हा शब्द आपल्याकडे जरा कोशातूनच आलेला. बोलताना आपण सहानुभूती, दया, कणव सगळं एकाच पोत्यात भरतो, आणि मग ‘न्यायाधीशानं भावनेच्या आहारी जाऊ नये’ म्हणून ते पोतं कोर्टाच्या बाहेर ठेवतो. सहानुभूती म्हणजे एका बाजूला झुकणं. समानुभूतीत झुकायचं नसतं, त्या जागी उभं राहून तिथून काय दिसतं ते पाहायचं असतं. तिच्यासाठी आपल्याकडे जुना आणि जास्त नेमका शब्द आहे: परकायाप्रवेश. त्या शब्दासोबत त्यातला धोकाही येतो. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गेले आणि तिथेच रमले. मृदुंगातून ‘चलो मच्छिंदर गोरख आया’ ऐकू येईपर्यंत त्यांना आपण कोण याचा विसर पडला होता. न्यायाधीशालाही आत जाता यायला हवं आणि बाहेर हाक मारणारा कुणीतरी हवा. विरुद्ध बाजूचा वकील, पुराव्याचा कायदा, वरचं न्यायालय आणि कारणं लिहून देण्याची सक्ती, हे त्याचे गोरख.

हे आत जाणं खटल्यात नेमकं कुठे लागतं, याची लोकांची कल्पना चुकलेली असते. सिनेमानं आपल्याला अंतिम निकालाचा क्षण दाखवला. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त काम निकालाच्या खूप आधी, बोर्डावरच्या, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या यादीतल्या, किरकोळ दिसणाऱ्या अर्जांत असतं. जामिनाचंच घ्या. १९७८ चं मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. आरोपी गवंडी होता. सर्वोच्च न्यायालयानं त्याला जामीन दिला, पण तो मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचं समाधान होईल अशा अटींवर. त्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. आरोपीचा भाऊ पुढे आला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. म्हणजे कागदावर जामीन मंजूर आणि माणूस तुरुंगात. न्या. कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठानं त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच हमीवर, सोडलं आणि विचारलं, की ज्याच्या हातावर पोट आहे त्याला १०,००० म्हणजे काय? आणि दुसऱ्या जिल्ह्यातला भारतीय हा परका कसा?

इथे कुणी नियम मोडला नव्हता. दंडाधिकाऱ्यांना रक्कम ठरवण्याचा अधिकार होताच. चूक अशी झाली, की त्यांनी रक्कम गुन्ह्याकडे बघून ठरवली. ती भरणाऱ्याच्या खिशाकडे पाहिलं नाही. ही चूक रोज होते, कारण ती करणाऱ्याला तिचा परिणाम दिसत नाही. आदेशावर सही झाली की ते प्रकरण त्या दिवसाच्या बोर्डावरून उतरतं. जामीनदार मिळाला का, ऐपतीचा दाखला निघाला का, हे बघायला न्यायाधीश तुरुंगाच्या दारात उभा नसतो. म्हणून पुढे ही समज हळूहळू नियमांत उतरली. २००५ च्या दुरुस्तीनं जामीनपात्र गुन्ह्यांत असं ठरलं, की अटकेपासून आठवड्याच्या आत ज्याला जामीनदार देता आला नाही त्याला निर्धन समजावं. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं तुरुंगात जावा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालयानं स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. ही कलमं वाचताना गळा दाटून येत नाही, पण एका सहृदय न्यायाधीशाला जे सुचलं असतं ते आता कंटाळलेल्या न्यायाधीशालाही करावं लागतं.

समानुभूती नियमात उतरते, याचं जुनं आणि सुरेख उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १८४२ मध्ये टपालगाडीचा एक चालक गाडीतल्या दोषामुळे जायबंदी झाला. गाडी पुरवणाऱ्याशी त्याचा करार नव्हता, म्हणून त्याचा दावा फेटाळला गेला. त्याच निकालात ‘कठीण खटल्यांतून वाईट कायदा शिरतो’ हे वाक्य आहे, जे पुढे दीडशे वर्षं समानुभूतीच्या तोंडावर फेकलं गेलं. नव्वद वर्षांनी, १९३२ मध्ये, जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याचं प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, आलं. इथेही पिणाऱ्या बाईचा कंपनीशी करार नव्हता. बाटली मैत्रिणीनं विकत घेतली होती. लॉर्ड ॲटकिन यांनी तिची दया येते असं कुठेही लिहिलं नाही. त्यांनी एक प्रश्न घडवला: कायद्याच्या नजरेत माझा शेजारी कोण? माझ्या कृतीनं ज्याच्यावर इतका थेट परिणाम होईल, की ती करताना तो माझ्या डोळ्यांसमोर असायलाच हवा, तो. तीन विरुद्ध दोन मतांनी हा प्रश्न कायदा झाला. आज जगभर निष्काळजीपणाचे दावे त्यावर चालतात.

साक्षीदाराच्या पिंजऱ्याकडे वळलं की मात्र सावध राहायला लागतं. ‘माणसाच्या चेहऱ्यावरून कळतं’ ही न्यायाधीशांची आवडती समजूत. खोटं ओळखण्याच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये निघाला, त्यात माणसांचा अंदाज बरोबर येण्याचं सरासरी प्रमाण ५४ टक्के होतं. नाणं उडवलं तर ५०. त्यात साक्षीदार दुभाष्यामार्फत बोलत असेल तर त्याचे थांबे, आवाजाचे चढउतार सगळे दुभाष्याचे होतात. नजर खाली असणं एका घरात आदर असतो, दुसऱ्या घरात लबाडी. आपण समोरच्याच्या मनात शिरलो असं वाटत असतं, आणि खरं तर त्याच्या चेहऱ्यावर आपलंच मन वाचत असतो. आश्रय मागणाऱ्या एका माणसाच्या प्रकरणात इंग्लंडच्या अपील न्यायालयानं २०१८ मध्ये स्वच्छ सांगितलं, की हावभावांवरून विश्वासार्हता ठरवू नये. हकिगत आतून जुळते का, त्या काळातल्या कागदांशी जुळते का, ते पाहावं.

मग इथे समानुभूतीचं काम काय? प्रश्न बदलणं. घाबरलेला माणूस घटना तारखेच्या क्रमानं सांगत नाही. ‘किती वाजले होते?’ याला तो काहीतरी ठोकून देतो, आणि उलटतपासात तीच त्याची विसंगती ठरते. ‘दिवे लागले होते का?’, ‘मुलं शाळेतून आली होती का?’ असं विचारलं तर वेळ आपोआप मिळते. आरोपीचा जबाब घेतानाही तेच. पुराव्यातल्या दहा गोष्टी एका लांबलचक प्रश्नात कोंबल्या की आरोपी ‘खोटं आहे’ म्हणून मोकळा होतो. त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं जे होतं ते तिथेच हरवतं. वरची न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत, की प्रत्येक मुद्दा सुटा, त्याला समजेल अशा शब्दांत विचारा. वेळ नाही म्हणून हे होत नाही. खरंच वेळ नसतो, हेही सांगायला हवं.

कधी कधी अडचण न्यायाधीशात नसते, मोजपट्टीतच असते. इंग्लंडमध्ये १९४९ पासून प्रक्षोभाच्या बचावाची, म्हणजे चिथावणीमुळे हातून खून झाला असं म्हणून गुन्हा सौम्य ठरवून घेण्याची, कसोटी होती: आत्मसंयम ‘अचानक आणि तात्पुरता’ सुटलेला असावा. दारूच्या गुत्त्यात शिवी ऐकून जागच्या जागी चाकू काढणाऱ्याच्या मापानं बेतलेला हा सदरा. दहा वर्षं मार खाल्लेल्या बाईचा संयम असा सुटत नाही. ताकद कमी असल्यानं ती त्या क्षणी उलटून मारू शकत नाही. किरणजीत अहलुवालिया यांनी १९८९ मध्ये झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं, तेव्हा मारहाण आणि पेटवणं यांच्या मधले काही तास त्यांच्याविरुद्ध गेले. १९९२ मध्ये त्यांची खुनाची शिक्षा रद्द झाली, पण मानसिक अवस्थेच्या मुद्द्यावर. ‘अचानक’ हा शब्द काढून टाकायला संसदेला २००९ चा कायदा करावा लागला. साठ वर्षं ती पट्टी तटस्थ म्हणून वापरात होती. तीही परकायाप्रवेशातूनच बनली होती, फक्त एकाच प्रकारच्या कायेत शिरून.

आकडेमोडीत समानुभूती नसते असं वाटत असेल तर मोटार अपघाताच्या दाव्यांचा हिशेब बघावा. भारतात २००९ च्या सरला वर्मा निकालानं तो साचेबंद केला. मृताचं वार्षिक उत्पन्न घ्यायचं, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा (विवाहित असेल आणि अवलंबून दोन-तीन जण असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश) आणि उरलेल्याला वयानुसार गुणक लावायचा: ३१ ते ३५ वयाला १६, ३६ ते ४० ला १५, असा उतरता. सोपं आहे. आता मृत व्यक्ती गृहिणी असेल तर पहिल्या रकान्यात काय लिहायचं? मोटार वाहन कायद्याच्या परिशिष्टात तिचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरलं होतं. म्हणजे नवऱ्याचा पगार वाढला की हिच्या स्वयंपाकाची किंमत वाढणार. २०१० मध्ये अरुणकुमार अगरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं यावर बोट ठेवलं, आणि २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी व कैद्यांसोबत ‘काम न करणाऱ्यां’त टाकलं होतं, याकडेही. जानेवारी २०२१ च्या कीर्ती प्रकरणात न्या. रमणा यांनी वेळेच्या वापराची सरकारी पाहणी समोर ठेवली: बिनमोल घरकामावर बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. घरी बसलेलं कोण, हा प्रश्न तिथे मिनिटांत सुटला. समजून घेण्याची ही रीत मला सर्वांत भरवशाची वाटते. ‘आईची माया अनमोल’ असं म्हणून शेवटी थोडी रक्कम देणाऱ्या निकालांपेक्षा कितीतरी.

आता बिघडतं कुठे ते. समानुभूती विजेरीसारखी असते. जिथे झोत पडतो तिथलंच दिसतं, आणि झोत बहुधा समोर बसलेल्यावर पडतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अठराशेहून अधिक न्यायाधीशांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापून आले. एका प्रयोगात पासपोर्टमध्ये खोटा व्हिसा चिकटवणाऱ्याची हकिगत होती. अर्ध्यांना सांगितलं, की त्याला आजारी मुलीच्या उपचारासाठी पैसे कमवायचे होते. अर्ध्यांना, की तो गुन्हेगारी टोळीच्या कामासाठी आला होता. प्रश्न दोघांनाही एकच: ही कृती कायद्याच्या व्याख्येत बनावटगिरी ठरते का? हेतूचा त्या व्याख्येशी संबंध नव्हता, तरी उत्तरं हेतूप्रमाणे हलली. चिंतेची गोष्ट अशी, की या न्यायाधीशांना आपण फक्त व्याख्या वाचतोय असंच वाटत असणार.

पेन विरुद्ध टेनेसी या अमेरिकेतल्या १९९१ च्या खटल्यात हा झोत जिवावरचा ठरला. आई आणि बहीण गमावलेला तीन वर्षांचा मुलगा अजून त्यांच्यासाठी रडतो, असं त्याच्या आजीनं शिक्षेच्या सुनावणीत सांगितलं. १९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं अशा साक्षींना फाशीच्या खटल्यांत बंदी केली होती. चारच वर्षांत, याच खटल्यात, ती उठवली. मुलाचं दुःख खरंच होतं, त्याबद्दल वाद नाही. त्याच सुनावणीत एका मानसशास्त्रज्ञानं आरोपीची बौद्धिक क्षमता कमी असल्याचंही सांगितलं होतं. मुलाचं रडणं ऐकू आलं, हे ऐकू आलं नाही. २०२१ मध्ये बौद्धिक अक्षमतेच्याच कारणावरून त्याची फाशी रद्द झाली.

दुसरा बिघाड जास्त फसवा, कारण तो सद्भावनेचा वेष घालून येतो. २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना अट घातली, की त्यानं मिठाईचा डबा घेऊन तक्रारदार महिलेच्या घरी जावं, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणी द्यावी. आदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सुधारलेला आरोपी होता, कदाचित एक छानसा प्रसंगही. त्या दिवशी दारावरची कडी वाजल्यावर आत उभ्या असलेल्या बाईच्या पोटात काय गोळा येईल, इथपर्यंत कल्पना पोचली नाही. १८ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही अट रद्द केली.

मग उपाय म्हणून लोक सांगतात, न्यायासनावर विविध आयुष्यं जगलेली माणसं बसवा. बरोबर आहे, पण पुरेसं नाही. अमेरिकेच्या अपील न्यायालयांबद्दलचा २०१५ चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे: ज्या न्यायाधीशांना मुली आहेत ते स्त्रियांच्या हक्कांच्या खटल्यांत, फक्त मुलगे असलेल्यांपेक्षा, स्त्रियांच्या बाजूनं जास्त मत देतात. वाचून बरं वाटतं आणि लगेच अस्वस्थही. आपला खटला कुणाच्या घरी काय जन्मलं यावर ठरावा का? ‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ ही म्हण संसारात खरी असेल. न्यायाधीशाची नोकरीच मुळी न जळता कळावं म्हणून असते.

माझ्या मते चाचणी एकच आहे. मनात जे उमटलं त्याचा प्रश्न करून तो भर कोर्टात विचारता येतो का, विरुद्ध बाजूला त्यावर बोलता येतं का, आणि निकालपत्रात ते कारण म्हणून लिहिता येतं का? तिन्हीतून उतरलं तर ते ज्ञान. नाहीतर तो कल. शिक्षेच्या सुनावणीत हे नीट दिसतं. दोष सिद्ध झाला की ‘शिक्षेबद्दल काही सांगायचंय?’ असं विचारलं जातं आणि वकील उभ्या उभ्या सांगतो: वय कमी, आईवडील म्हातारे, पहिलाच गुन्हा. हे प्रत्येक आरोपीला लागू पडतं, म्हणून कुणालाच लागू पडत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२२ च्या मनोज निकालानं फाशीच्या खटल्यांत ही पोकळी भरायला सांगितली: बालपण, घरातली हिंसा, शिक्षण, काम, मानसिक आजार, तुरुंगातलं वर्तन, सगळं कागदावर आणा, आणि तेही सत्र न्यायालयातच. दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयानं २००७ मध्ये फसवणुकीत दोषी ठरलेल्या, तीन मुलांच्या एकट्या आईच्या प्रकरणात तर मुलांसाठी वेगळा प्रतिनिधी नेमला आणि त्यांच्या स्थितीचा अहवाल मागवला. दया दाखवायची की नाही हा मुद्दाच नव्हता. खोलीत नसलेल्या तिघांबद्दल माहिती हवी होती. ती आल्यावर बहुमतानं उरलेला तुरुंगवास टाळला, देखरेख लावली आणि पैसे परत करायला लावले.

शेवटी मन वारंवार १० जुलै १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालापाशी जाऊन थांबतं. मुंबईच्या फुटपाथवर राहणारे लोक तिथे का राहतात, हे त्या निकालानं समजून घेतलं तसं फार थोड्या निकालांनी घेतलं असेल. काम जिथे मिळतं तिथे पाठ टेकायची. ती जागा गेली की काम गेलं. काम गेलं की जगणं. म्हणून उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं न्यायालय म्हणालं. हे अतिक्रमण नाइलाजाचं आहे, हेही म्हणालं. नोटीस न देता हटवण्याचा महापालिका आयुक्तांना अधिकार असला तरी एरवी नोटीस द्यावी, माणसाला बोलू द्यावं. ऐकून काय उपयोग, असं आधीच गृहीत धरू नये.

आणि मग: आयुक्तांनी नाकारलेली बोलण्याची संधी आम्ही या न्यायालयात भरपूर दिली आहे, आता पुन्हा सुनावणीची गरज नाही. पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या हटवू नयेत.